छाटलेल्या पात्यांचा पंखा

माझ्या बायकोचं माहेर गुजरातच्या सीमेवरच्या झाईचं. तिकडे अर्धं घर मराठी बोलतं, अर्धं गुजराती, आणि रागावलं की दोन्ही एकदम. मी जेवताना विमानाच्या इंजिनाचा विषय काढला की ती भात वाढता वाढता म्हणते, "हवे मूको ने." म्हणजे आता पुरे, सोडा. लग्न झाल्यापासून ती हे म्हणते आहे आणि लग्न झाल्यापासून मी काही सोडलेलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि माझी तब्येत अजून ठणठणीत आहे.

मी टर्नर माणूस. डहाणू रोडच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहून जन्म गेला, आता निवृत्त आहे. घराच्या मागच्या पडवीत एक जुना लेथ आणून ठेवलाय, त्यावर शेजाऱ्यांची फुकटची कामं करतो आणि त्यांना शिव्याही फुकट देतो. तरुणपणी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे मला एक मुखपृष्ठ नसलेलं इंग्रजी पुस्तक मिळालं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची इंजिनं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचलं, मग परत वाचलं, आणि त्यानंतर मी कामातून गेलो असं माझ्या सासऱ्यांचं मत होतं.

त्यात एक आलेख होता. आडव्या रेषेवर उंची, उभ्या रेषेवर इंजिनाची ताकद. जमिनीवर हवा जाड असते, वर वर विरळ होत जाते. इंजिनाला पेट्रोलइतकीच हवाही लागते, त्यामुळे विमान जितकं वर जाईल तितका त्याला दम लागतो. म्हणून इंजिनाच्या मागे एक पंखा बसवायचे आणि विरळ हवा दाबून इंजिनात कोंबायचे. हाच सुपरचार्जर. पंखा मोठा घेतला की वर इंजिन छान चालणार. पण खाली हवा मुळातच जाड, तिथे तो पंखा नको इतकी हवा कोंबायला बघतो, मग त्याची वाट अर्धी बंद ठेवावी लागते, आणि त्याला फिरवायला इंजिनाची ताकद फुकट जाते ती वेगळीच. म्हणजे प्रत्येक इंजिनाची एक उंची ठरलेली. तिथे ते राजा, वर किंवा खाली गेलं की साधा शिपाई.

एकाच स्पिटफायर विमानाला त्यामुळे किती तऱ्हेची मर्लिन इंजिनं लावली ते विचारू नका. म्हणजे विचारा, मी सांगेन. पंचेचाळीस नंबरचं एक, त्याच्यापेक्षा मोठ्या पंख्याचं सेहेचाळीस, मग एकसष्ट. एकसष्टमध्ये एकामागे एक असे दोन पंखे आणि त्यांना दोन गती. खाली सावकाश गती, वर गेल्यावर आपोआप जलद गती, आणि ती बदलताना वैमानिकाला मागून कुणी धक्का दिल्यासारखं वाटायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पडवीत उभा राहून टाळी वाजवली होती. विमानात मी आजपर्यंत बसलेलो नाही.

आता लेकीच्या लग्नाकडे येतो. माझी मुलगी नर्स आहे. सायवनच्या पलीकडच्या एका पाड्याजवळ तिची नेमणूक झाली, आणि तिथल्याच एका शाळामास्तरशी तिनं लग्न ठरवलं. घरची शेती, डोंगरउतारावर भात आणि नाचणी. माझी काही हरकत नव्हती. साखरपुड्याच्या दिवशी मी व्याह्यांना अंगणातल्या खाटेवर गाठलं आणि मर्लिन एकसष्ट समजावून सांगितलं. शांत माणूस. तासभर त्यांनी हाताची घडी सोडली नाही. शेवटी म्हणाले, "लई उंच जातंय ते." मला माणूस एकदम पसंत पडला. घरी येताना बायको म्हणाली की ते भिडेखातर बसले होते, त्यांच्या गुरांना पाणी पाजायचं राहिलं होतं. मी म्हटलं, तुला माणसं कळत नाहीत. यातलं कोण बरोबर ते पुढे दिसेलच.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्याकडून नाचणीच्या मळणीचं बोलावणं आलं. दोघांनी यायचं, जेवायचं. लेकीचा वेगळा फोन आला. "बाबा, नुसते या. काही आणू नका आणि काही शिकवू नका." तिला माहीत होतं बाप कसा आहे ते.

मी नुसता गेलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. झालं असं की बोलता बोलता ती म्हणाली, मळलेलं धान्य वारवायला वारा सुटेपर्यंत वाट बघावी लागते, कधी कधी दोन दोन दिवस. झालं. माझ्या डोक्यात पंखा सुरू झाला. पंधरा दिवस मी पडवीतून हललो नाही. पत्र्याचं गोल खोकं, आत सहा पात्यांचं चाक, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, आणि दोन पायऱ्यांची पुली, म्हणजे पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकवला की गती बदलते. सावकाश आणि जलद. एकसष्ट नंबरचं इंजिनच जणू मी मळणीला नेत होतो. शेजाऱ्याकडून पोतंभर भात आणून त्यावर चालवून बघितला. भात समोर, भुसा पार कुंपणाशी. बायकोनं अंगणातला भुसा दोन दिवस झाडला आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. विहीणबाईंकडे तांबड्या नाचणीचं एक जुनं वाण आहे. लग्न होऊन आल्या तेव्हा आईनं वाळक्या भोपळ्यात भरून दिलेलं बी. उतारावरच्या मुरमाड जमिनीत, कमी पाण्यात येतं. पाड्यावर बाकीच्यांनी ते कधीच सोडलं, कुणी दुकानातलं बी घेतं, कुणी नाचणीच लावत नाही. ही बाई एकटी दरवर्षी चांगली कणसं निवडून वेगळी मळते, भोपळा गळ्यापर्यंत भरते आणि चुलीच्या वर टांगून ठेवते. खायच्या राशीत दुकानातल्या बियाण्याची भेसळ असते, तिचं बी धरत नाहीत. तो भोपळा रिकामा राहिला तर ते वाण गेलं. दुसरीकडून आणायला दुसरीकडे ते नाहीच.

आणि त्यांच्या घरची एक रीत आहे. बियाण्याच्या राशीला पहिला हात पाहुण्यानं लावायचा, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो मान व्याह्याचा. ज्याला मान दिला त्याला मग जपून कर, हळू कर, असं काही म्हणायचं नाही. म्हटलं तर मान दिला काय आणि काढून घेतला काय, सारखंच.

आम्ही टेंपोतून पंखा घेऊन उतरलो तेव्हा लेकीनं कपाळाला हात लावला. जावई त्या दिवशी तलासरीला प्रशिक्षणाला गेले होते, नाहीतर त्यांनी काहीतरी गोड बोलून मला अडवलं असतं. व्याह्यांनी पंखा सगळ्या बाजूंनी बघितला, पुलीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हातचं काम दिसतंय." मी फुगलो. खळं डोंगराच्या कडेला, शेणानं सारवलेलं, लख्ख. त्याच्या पलीकडे बांध आणि बांधाखाली शेजाऱ्याचा उतार, गवत कापून नेलेला. मी चपला बाहेर काढल्या, घरातून वायर ओढली, पंख्याचं तोंड बांधाकडे केलं. विहीणबाईंनी एक लहानशी रास माझ्यापुढे करून सूप हातात दिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करून मागे उभ्या राहिल्या. त्या माझ्याशी थेट बोलत नसत, जे काय असेल ते लेकीमार्फत. मला वाटलं, लहान रास दिली म्हणजे चाचणीसाठी दिली.

मी सावकाश गतीवर सुरुवात केली. सूप खांद्यापर्यंत उचललं, धार सोडली. भुसा उडाला. दाणेही बरेचसे पुढे सरकले, पण नाचणी म्हणजे मोहरीएवढा दाणा, थोडं चालायचंच असं मी मनाशी म्हटलं. व्याही म्हणाले, "लांब जातंय, व्याही."

आता देवाशप्पथ सांगतो, मला ते कौतुक वाटलं. साखरपुड्याला हा माणूस लई उंच म्हणाला होता, आता लांब म्हणतोय. मी म्हटलं, "अजून एक गिअर आहे."

मी मोटर बंद केली, पट्टा सैल केला, मोठ्या पायरीवर चढवला, परत ताणला. या सगळ्याला चांगली पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत व्याही, विहीणबाई आणि मळणीला आलेल्या चार शेजारणी, कुणी एक शब्द बोललं नाही. व्याह्याला कोण काय म्हणणार? मी बटण दाबलं आणि उरलेली सगळी रास दणादण सुपानं सोडली. भुसा गेला, दाणे गेले, त्यांच्यामागून सुपाच्या काठाची सुटलेली बांबूची पट्टी गेली. बांध ओलांडून सगळं तांबड्या धुरासारखं शेजाऱ्याच्या उतारावर उतरलं. माझ्यापुढे खळं इतकं स्वच्छ होतं की त्यात तोंड दिसावं.

मी हसत मागे वळलो. कुणी हसत नव्हतं. लेक चुलीपाशी होती, ती आवाज ऐकून धावत बाहेर आली. तिनं खळं बघितलं, सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, ते बियाणं होतं."

"कसलं बियाणं?"

मग तिनं सांगितलं. भोपळा, आईचं बी, सगळं. सांगून झाल्यावर म्हणाली, "माझं इथलं हे पहिलं वर्ष आहे, बाबा. एक दिवस तुम्हाला गप्प बसता आलं नाही?" मी कारखान्यात साहेबांची बोलणी खाल्ली आहेत, एकदा बोट लेथमध्ये जाता जाता वाचलंय, पण त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं कशानंच लागलं नव्हतं. बायको शेजारी उभी होती. ती मराठीत बोलली नाही आणि गुजरातीतही बोलली नाही.

विहीणबाई मात्र तोवर बांधाखाली उतरल्या होत्या. खाली बसून गवताच्या खुंटांतून बोटांनी दाणे वेचत होत्या. मग शेजारणी केरसुण्या घेऊन उतरल्या, मग बायको, मग मीही गुडघे मोडून बसलो. तासाभरात आम्ही दोन टोपल्या जमवल्या, पण त्यात नाचणी कमी आणि माती, गवताचं बी, काटक्या, मुंग्या जास्त. हे परत वारवायला हवं होतं आणि वारा तर सुटलेलाच नव्हता. पान हलत नव्हतं. ढिगारा मोकळ्यावर ठेवून दोन दिवस वाट बघितली असती तर मुंग्यांनी तो साफ केला असता. पंखा होता, पण टोपलीतलं मूठभर घेऊन मी सावकाश गतीवर बघितलं तरी दाणा थांबत नव्हता. भाताच्या वजनदार दाण्यासाठी केलेलं चाक ते. नाचणीपुढे दोन्ही गती जास्तच.

तिथे मातीत बसल्या बसल्या मला आठवलं, आणि मी स्वतःलाच एक सणसणीत शिवी घातली. लढाई पुढे पुढे खालच्या उंचीवर व्हायला लागली तेव्हा त्या लोकांनी काय केलं होतं? नवं इंजिन नाही बनवलं. जुन्याच पंचेचाळीस आणि पन्नास नंबरच्या इंजिनांतला पंखा बाहेर काढला आणि त्याची पाती कडेनं कातरून लहान केली. पंखा लहान झाला, वर त्याचा दम गेला, पण जमिनीलगत तेच जुनं विमान असं पळायला लागलं की बघत राहावं. हे पान मला तोंडपाठ होतं. हजार वेळा लोकांना सांगितलं असेल, कुणी विचारलेलं नसताना. आणि स्वतःचा पंखा बनवताना मोठं चाक आणि जास्त गती यापलीकडे मला काही सुचलं नव्हतं.

मी व्याह्यांना पत्रा कापायची कात्री मागितली. त्यांच्याकडे नव्हती, शेजाऱ्याकडे होती. चाक बाहेर काढून मी सहाही पाती चार चार बोटं छाटली. पंधरा दिवस घासून गुळगुळीत केलेल्या कडा होत्या त्या, पण छाटताना मला काही वाटलं नाही. चाक परत बसवलं, पट्टा सावकाश पायरीवर. हवा आता अंगावर येत होती ती कुणी हळूच फुंकर घातल्यासारखी.

मी सूप उचलून परत खांद्याशी नेलं. तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या आणि त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. मान काढून घेतला म्हणा ना, आणि मला त्याचा आनंदच झाला. त्या पंख्यापुढे उकिडव्या बसल्या, सूप गुडघ्याइतक्या उंचीवर धरलं आणि अंगठ्यानं कड ठोकत धार सोडली. दाणे सरळ खाली, माती जराशी पुढे, गवताचं बी त्याच्याही पुढे. तीन वेगवेगळे पट्टे पडले. थोड्या वेळानं काड्या जास्त असलेला भाग आला तेव्हा त्यांनी सूप कमरेपर्यंत उचललं, तो संपल्यावर परत खाली आणलं. मी विचारलं, "भाताला किती उंच?" लेकीमार्फत उत्तर आलं की भाताला तिवईवर उभं राहून, डोक्याच्या वर. वरीला नाचणीपेक्षाही खाली. प्रत्येक दाण्याची उंची ठरलेली असते, हे काय विचारायचं?

बायको अजूनही ही गोष्ट लोकांना सांगते, की हे त्या दिवशी दुपारभर गप्प होते.

ऊन उतरेपर्यंत काम चाललं. भोपळ्यात बी भरलं तर तो अर्धाच झाला. विहीणबाईंनी तो हलवून बघितला, तोंडाला चिंधी लावली आणि चुलीवर टांगला. जेवायला नाचणीची भाकरी होती आणि मी ती कशीबशी खाल्ली. निघताना व्याह्यांनी पंखा टेंपोत चढवू दिला नाही. म्हणाले, "राहू द्या, कामाचा झालाय आता." हे कौतुक होतं की भीड, ते मला कळलं नाही, आणि या वेळी मी ते ठरवायलाही गेलो नाही.

पुढचे कित्येक महिने मी इंजिनाचं नाव काढलं नाही. मोबाइलवर कुणी जुन्या इंजिनांच्या पुस्तिका पाठवल्या तर उघडल्याही नाहीत. लेकीचा फोन आला की मी बायकोकडे द्यायचो. अर्ध्या भोपळ्यात अर्धाच उतार लावला जाणार, एक वर्ष पीक बुडालं किंवा पाखरांनी खाल्लं की संपलं, आणि ते माझ्यामुळे, हा हिशोब डोक्यातून जात नव्हता. एकदा जेवताना बायकोच म्हणाली, "अहो, ते सेहेचाळीस नंबरवाल्याचा पंखा मोठा होता ना?" मी मान हलवली आणि आमटी मागितली. तिनं दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे नेलं.

आवणीच्या, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत, भर दुपारी फोन वाजला. बायको बाजारात गेली होती म्हणून मलाच घ्यावा लागला. पलीकडे लेक, मागे बायकांचा गलका.

"बाबा, तुम्ही उडवलेली नाचणी उगवलीय."

उतारभर उगवली होती, म्हणाली. मुंग्यांनी नेली, पाखरांनी खाल्ली, तरी खुंटाखुंटांत दाट रोप आलं होतं. मी म्हटलं, असं कसं, त्या उतारावर तर उन्हाळ्यात पालापाचोळा पेटवून राब भाजत असतील, बी जळायला हवं. ती म्हणाली, नाही भाजला. मळणीच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई शेजाऱ्याकडे गेल्या होत्या आणि तेवढ्या तुकड्यावर आग घालायची नाही म्हणून सांगून आल्या होत्या. घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. आलं तर आलं, नाही आलं तर उगाच कुणाच्या जिवाला आशा कशाला. आता रोप उपटून घरचा उरलेला उतार लावून झाला, तरी उरलं. ते शेजाऱ्यानं नेलं, त्याचं बघून आणखी तीन घरांनी नेलं. ज्यांनी हे वाण सोडून दिलं होतं त्यांच्याच उतारावर आज ते लागत होतं.

मी काही बोलणार एवढ्यात फोन तिच्या हातातून दुसऱ्या कुणाच्या हातात गेला. श्वासाचा आवाज आला, बांगड्या वाजल्या. विहीणबाई माझ्याशी थेट कधी बोलल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचा आवाज मला क्षणभर ओळखूच आला नाही.

"व्याही," त्या म्हणाल्या, "यंदा बी उडवायला कधी येताय?"

मागे सगळ्या बायका हसल्या. त्यात माझ्या लेकीचं हसणं मला वेगळं ऐकू आलं. आयुष्यभर न विचारता बोलत आलो, आणि आता एका बाईनं सरळ प्रश्न विचारला होता. "तुम्ही बोलवाल तेव्हा," मी म्हटलं, आणि फोन कानाशी धरूनच पडवीत पत्रा कापायची कात्री शोधायला लागलो.